एकोणीस एकांची एकावळी

नारायण पेठेत, पत्र्या मारुतीच्या अलीकडच्या एका बोळात आमचा छापखाना होता. एक ट्रेडल यंत्र, खिळ्यांच्या लाकडी केसेस, दोन कामगार आणि वडील. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, गणेशमंडळांचे अहवाल अशी किरकोळ कामे येत. शाळा सुटली की मी तिथेच. छपाई झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकणे हे माझे काम. १९८६ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा देऊन मोकळा असताना, एके दुपारी मी १ चे खिळे घेतले आणि एकापुढे एक लावत गेलो. ११, १११, ११११. दर खिळ्याला स्वतःला विचारत होतो, हिला कशाने भाग जातो?

११ ही मूळ संख्या. १ आणि ती स्वतः, याखेरीज तिला विभाजक नाही. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. पाच एक लावले तर ४१ × २७१. मोत्यांच्या एकसरी माळेला आपल्याकडे एकावळी म्हणतात. नुसत्या एकांच्या या संख्यांना मी माझ्यापुरते तेच नाव ठेवले आणि ते आजतागायत चालवत आलो आहे.

एक गोष्ट त्याच दुपारी ध्यानात आली. एकांची संख्या जर संयुक्त असेल, तर एकावळी मूळ असूच शकत नाही. सहा एक घ्या. ते तीन-तीनच्या दोन गटांत बसतात, म्हणून १११ ने भाग जातो: १११ × १००१. दोन-दोनच्या तीन गटांतही बसतात, म्हणून ११ नेही जातो: ११ × १०१०१. तेव्हा मूळ एकावळी शोधायची तर ज्या माळेतल्या मण्यांची संख्याच मूळ आहे, तिथेच पाहायला हवे. मात्र उलट खरे नाही. तीन, पाच, सात, अकरा, तेरा या सगळ्या मूळ संख्या, आणि तितक्या एकांच्या माळा मात्र सगळ्या तुटतात. सातांची २३९ × ४६४९ अशी, तर तेरांची ५३ × ७९ × २६५३७१६५३ अशी.

मग सतरा. ही माळ काही तुटेना. पाच हजारांच्या आत ६६९ मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी मी सुट्टीभर भागून पाहिले. सहा वह्या भरल्या. बाकी उरतच राहिली. वर्गमुळापर्यंत पडताळणी न्यावी लागते हे मला शाळेत शिकवलेले होते, आणि सतरा एकांचे वर्गमूळ दहा कोटी चोपन्न लाखांच्या घरात आहे हेही मी काढले होते. पण कंटाळा आला आणि कंटाळ्याला मी खात्री समजलो. वडिलांची परवानगी काढून स्वतः खिळे जुळवले आणि ‘सतरा एकांची संख्या मूळ आहे’ असे पत्रक पन्नास प्रतींत छापून मोकळा झालो. गणपतीत मंडळाच्या प्रदर्शनात ते वाटले. गणित शिकवणारे एक गृहस्थ ते वाचून हसले. म्हणाले, “सिद्ध कसं केलंस?” मी वह्या पुढे केल्या. त्यांनी एकही उघडली नाही. “हे गणित नव्हे रे, ही करमणूक,” एवढे बोलून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

सात-आठ वर्षांनी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यात कोष्टक होते. सतरा एक म्हणजे २०७१७२३ × ५३६३२२२३५७. माझे पत्रक खोटे होते. त्या गृहस्थांचे मला लागलेले बोलणे मात्र निम्मे खरे होते आणि निम्मे नव्हते. कोणते निम्मे, हे समजायला मला आणखी तीस वर्षे लागली. हा लेख त्याबद्दल आहे.

*

आमच्या बोळातून केसरीवाडा पाच मिनिटांवर. तिथे राहणारे टिळक १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले होते आणि डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे त्यांचे गुरू होते. पुढे टिळक स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्याच कॉलेजचे १९०२ पासूनचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झालेले. पुण्यात ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्यामुळे घरोघर गेला. १९२७ साली या रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक फर्ग्युसनच्या एका विद्यार्थ्याला मिळाले. त्याचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात. १९२९ साली पदवी घेतली, पुढे पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नावाची एक चुणूक २०२५ या सालातच होती. २०२५ मधोमध तोडा: २० आणि २५. बेरीज ४५. आणि ४५ चा वर्ग २०२५. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. २९७ घ्या. तिचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७.

माझ्या एकावळीशी त्यांचा संबंध आहे तो ‘डेम्लो संख्यां’मुळे. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली आणि स्टेशनाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली असे सांगतात. त्यांतल्या ‘अद्भुत डेम्लो संख्यां’वर १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचे टिपण आले. या अद्भुत संख्या म्हणजे एकावळींचे वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१: एकेक पायरी चढत नवापर्यंत आणि तशीच उतरत खाली. दहा एकांना मात्र हातचा येतो आणि मनोरा ढासळतो. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेलेला, माथ्यावर दोन शून्ये.

या ढासळण्यातच टीकाकारांचे म्हणणे आहे. आपण दहाच्या पटीने मोजतो म्हणून मनोरा नवापर्यंत टिकला. आठाच्या पटीने मोजले असते तर आधीच कोसळला असता. म्हणजे हा गुण संख्येचा नाही, ती लिहिण्याच्या रीतीचा आहे. १९४० साली जी. एच. हार्डी यांनी गणिती म्हणून आपली बाजू मांडणाऱ्या छोट्या पुस्तकात हेच सुनावले होते. त्यांनी उदाहरणे घेतली ती ८७१२ आणि ९८०१ ची. उलट्या लिहून आलेल्या संख्येच्या पहिली चौपट आहे, दुसरी नऊपट. हे कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गंभीर गणित नव्हे, कारण याला कसलेही व्यापक रूप देता येत नाही, असा त्यांचा निवाडा.

हार्डी १८९८ चे चौथे रँग्लर. म्हणजे ते आणि आपले परांजपे एकाच काळात केंब्रिजमध्ये शिकत होते, हे ट्रिनिटीत, ते सेंट जॉन्समध्ये. त्या परीक्षेचे हार्डींना पुढे वावडे झाले आणि तिच्या सुधारणेसाठी ते झगडले. एका रँग्लरच्या नावाचे पारितोषिक मिळालेला देवळालीचा शिक्षक आयुष्यभर ज्या प्रकारचे काम करत राहिला, त्याला दुसऱ्या रँग्लरने गणिताच्या उंबऱ्याबाहेर बसवले होते.

कापरेकर थांबले नाहीत. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आणि हेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते, आणि सुरुवात कुठूनही केली तरी सात पायऱ्यांच्या आत तिथेच पोहोचतो. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले, १९५५ साली अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त ते छापून आले, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जग देवळालीकडे वळून पाहू लागले. आपल्या पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. हे वाचले तेव्हा मला माझ्या पन्नास पत्रकांची आठवण झाली. ज्या उन्हाळ्यात मी खिळे लावत बसलो होतो, त्याच वर्षी, १९८६ साली, ते गेले. देवळाली पुण्याहून काही फार लांब नव्हती.

*

आता एकोणीस. १११ ११११ ११११ ११११ ११११. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली दशमान स्थानांची नावे एकापासून सुरू होतात आणि अठराव्या स्थानी परार्धावर संपतात. आमच्या या संख्येचा पहिला एक परार्धाच्याही डावीकडे बसतो. आणि ही एकावळी तुटत नाही. ती मूळ आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी ते दाखवले. तेवीस एकांची संख्या मूळ असल्याचे लेमर आणि क्राइचिक यांनी दाखवले ते १९२९ साली, म्हणजे कापरेकर फर्ग्युसनमधून बाहेर पडले त्याच वर्षी.

हे दाखवायचे कसे? माझ्या सहा वह्यांच्या रीतीने गेलो असतो तर काय झाले असते ते पाहू. एक सवलत मिळते. मण्यांची संख्या मूळ आणि तीनहून मोठी असेल, तर विभाजकाला तिच्या दुपटीने भागल्यास बाकी १ च उरते. पाचांच्या माळेचे ४१ आणि २७१ दहाने भागा. सातांचे २३९ आणि ४६४९ चौदाने भागा. दर वेळी बाकी १. सतरांच्या माळेत ३४ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्याच संख्या पाहायच्या. २०७१७२३ ही त्या रांगेतली ६०,९३३ वी. मला हे माहीत असते तर ६६९ पैकी बहुतेक भागाकार वाचले असते. विभाजक मात्र तरीही हाती लागला नसता. एकोणिसांसाठी ३८ चा पाढा, आणि एक अब्ज पाच कोटींच्या वर्गमुळापर्यंत जायचे तर सुमारे दोन कोटी सत्त्याहत्तर लाख संख्या. मिनिटाला एक भागाकार, जेवणखाण आणि झोप वर्ज्य, असा हिशेब केला तर जवळजवळ त्रेपन्न वर्षे लागतात. मी आज पंचावन्न वर्षांचा आहे. जन्मल्या दिवशी सुरुवात केली असती तर दोन वर्षांपूर्वी काम संपले असते.

पण भागाकार न करताही सिद्ध करता येते. फ्रेंच गणिती लुकास यांनी एकोणिसाव्या शतकात वाट दाखवली आणि लेमर यांनी १९२७ मध्ये ती पक्की केली. संख्या मूळ आहे की नाही हे तिला न तोडता, तिच्याहून एकाने लहान असलेल्या शेजारणीला तोडून कळते. एकोणीस एकांतून एक वजा करा. उरतात अठरा एक आणि शेवटी शून्य, म्हणजे अठरा एकांची दसपट. आणि अठरांची माळ किती सहज तुटते! नऊ एक म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. उरलेला अवयव एक अब्ज एक, म्हणजे ७ × ११ × १३ × १९ × ५२५७९. शेजारणीचे सगळे मूळ अवयव हाती आले. आता एखादी संख्या घेऊन तिचा शेजारणीइतका घात करायचा आणि एकोणीस एकांनी भागायचे. बाकी १ यायला हवी. मग तोच घात शेजारणीच्या एकेका मूळ अवयवाने कमी करून पाहायचे, तेव्हा मात्र बाकी १ येता कामा नये. एवढे जमले की संख्या मूळ, शंकेला जागा नाही. इतका मोठा घातही वर्गाचा वर्ग करत गेले की साठेक पायऱ्यांत येतो. त्रेपन्न वर्षांचे काम काही आठवड्यांवर आले, संगणकावर तर पापणी लवायच्या आत होते.

मूळ ठरल्याने तिला आणखी एक मान मिळाला. १ ला ३७ ने भागले तर ०.०२७०२७... असे तीन अंक पुन्हा पुन्हा येतात. १ ला ४१ ने भागा किंवा २७१ ने, पाच अंकांचे आवर्तन येते. म्हणजे पाचाच्या आवर्तनाच्या मूळ संख्या दोन. एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी मूळ संख्या सगळ्या अनंत मूळ संख्यांत एकच आहे, आणि ती म्हणजे आपली ही एकावळी. कारण असे आवर्तन देणाऱ्या मूळ संख्येने एकोणीस नवांना भाग जावा लागतो, आणि एकोणीस नवांचे मूळ अवयव दोनच: ३ आणि ही.

*

हार्डींचा आक्षेप तरीही उभा राहतो. ही माळ दिसते ती आपण दहाच्या पटीने लिहितो म्हणूनच ना? तिचे मूळपण मात्र लिहिण्यावर अवलंबून नाही. १ हा अंक देवनागरीत लिहा की रोमनमध्ये, दशमान पद्धतीत की द्विमान, मूळ संख्या मूळच राहते. दुसरे असे की माळेचा प्रश्न दहापुरता नाहीच. एक, दहा, शंभर, हजार यांची बेरीज म्हणजे दशमानातली एकावळी. एक, दोन, चार, आठ यांची बेरीज म्हणजे द्विमानातली एकावळी, नुसते एक. ही तर गुणोत्तर श्रेढी, आणि तिच्याकडे पाहायला केंब्रिजला जायची गरज नाही.

‘लीलावती’त उदाहरण आहे. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो. महिन्याभरात किती निष्क झाले? उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. सगळ्याच्या कवड्या केल्या तर २,१४,७४,८३,६४६. आता दात्याने आदल्या दिवशी नुसती एक कवडी दिली असती असे धरा. बेरीज एकाने वाढून २,१४,७४,८३,६४७ होते. द्विमान पद्धतीत हे बरोबर एकतीस एक. ही संख्या मूळ आहे, हे १७७२ साली ऑयलरने सिद्ध केले. आणि त्यासाठी त्याने विभाजकांची जी चाळणी लावली, तिचे मूळ ‘दुपटीने भागल्यावर बाकी १’ याच नियमात आहे. द्विमानातले अकरा एक म्हणजे २०४७, आणि तिचे विभाजक २३ आणि ८९. दोन्ही बावीसने भागून पाहा.

द्विमानातल्या या मूळ एकावळींनाच जग मर्सेनच्या मूळ संख्या म्हणते. युक्लिडच्या नवव्या पुस्तकाच्या शेवटी त्या आहेत. आणि हे लिहिताना माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या तीच आहे: द्विमानात एकापुढे एक १३,६२,७९,८४१ एक. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंट या अमेरिकी तरुणाने अनेक देशांत पसरलेले संगणक कामाला लावून ती शोधली. दशमानात लिहिली तर ४,१०,२४,३२० अंक होतात. इथे एक वजा करावा लागत नाही, मिळवावा लागतो. एकांच्या माळेत एक मिळवला की सगळे हातचे सरकत जाऊन एकावर नुसती शून्ये उरतात, म्हणजे दोनचा शुद्ध घात. शेजारीण आपोआप तुटलेली मिळते, म्हणूनच विक्रमी मूळ संख्या बहुधा याच जातीच्या निघतात.

तेव्हा दहाच्या पटीत खेळणे दिसते तेच दोनाच्या पटीत दोन हजार वर्षांचे गंभीर गणित आहे. हार्डींच्या ८७१२ लाही मधे नऊ घालून पाहा: २१९७८ ची चौपट ८७९१२. व्यापक रूप तिथेही होते. त्यांचा निवाडा फारच घाईचा होता, असे मी नम्रपणे म्हणेन.

पण त्यांची एक गोष्ट मी मान्य केली आहे, आणि तीच प्रदर्शनातल्या गृहस्थांच्या बोलण्यातली खरी बाजू. कापरेकरांनी माळेचे सौंदर्य दाखवले. एकोणिसांची माळ मूळ आहे हे सिद्ध केले ते इतरांनी. पाहणे आणि सिद्ध करणे ही दोन कामे आहेत. ४९,०८१ एकांची संख्या १९९९ साली हार्वे डबनर या अमेरिकी अभियंत्याला सापडली. त्याचा हा छंदच होता. सगळ्या चाचण्यांत ती मूळ असल्यासारखी वागली. माझ्या सहा वह्यांपेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम होता. तरीही तिच्यापुढे ‘संभाव्य’ हाच शब्द लिहिला जात होता. सिद्धता आली तेव्हा २०२२ साल उजाडले होते. तेवीस वर्षे कोणी पत्रक छापले नाही. अशा मूळ एकावळी अनंत आहेत का, हे तर आजही कोणी सिद्ध केलेले नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा खिळे वजनावर गेले. १ चे एकोणीस मी काढून ठेवले होते. ते एका ओळीत बांधून टेबलावर आहेत. शेजारी सतरा एकांचे एक पत्रक आहे, पन्नासांतले उरलेले. यंदा त्यावर मी पेनाने दुरुस्ती केली. ‘मूळ आहे’ खोडले आणि खाली दोन्ही अवयव लिहिले. मुद्रितशोधनात चाळीस वर्षांची चूकही चूकच असते.